क्लब नाइटचे जुने फ्लायर जपताय? या चुका टाळा

‘डकी’ ही लंडनमधली क्विअर, म्हणजे समलिंगी, ट्रान्स वगैरे लोकांची, क्लब नाइट. १९९५ साली सुरू झाली आणि २०२२पर्यंत, कोविडचा खंड सोडला तर, दर शनिवारी दक्षिण लंडनच्या रॉयल व्हॉक्सहॉल टॅव्हर्न या पबमध्ये रंगत राहिली. एमी लामे आणि सायमन कॅसन यांनी ती उभी केली. नाचगाणं तर असायचंच, पण मधेच रंगमंचावर कुणीतरी येऊन असं काही सादर करायचं की जे पुन्हा कधी व्हायचं नाही. त्यातल्या कित्येक प्रयोगांची आज उरलेली खूण म्हणजे तळहाताएवढा फ्लायर, कार्यक्रमाच्या जाहिरातीचा छापील कागद. एका मित्राने असे फ्लायर मला बुटाच्या खोक्यात भरून दिले. ते लावताना ज्या चुका मी केल्या आणि इतरांना करताना पाहिल्या, त्या इथे लिहितोय.

पहिली चूक लॅमिनेशनची, आणि ती सुधारता येत नाही. मी एका दुकानातून दोन फ्लायर लॅमिनेट करून आणले. त्यातल्या एकाला प्रवेशाची पावती टाचलेली होती. ती तशीच आत गेली. अशा पावत्या उष्णतेने छापणाऱ्या कागदावर असतात, त्यामुळे यंत्रातून ती काळीठिक्कर होऊन बाहेर आली. किती पैसे देऊन माणसं आत गेली, हे सांगणारा तेवढाच कागद होता. त्याचं मला अजून वाईट वाटतं. सेलोटेपही नको, तिचा गोंद काही वर्षांत पिवळा होऊन कागदात मुरतो. स्टेपल गंजतात, रबरबँड वितळून चिकटतात, आणि स्वस्त पीव्हीसी अल्बममध्ये झेरॉक्सची शाई पानावरून प्लॅस्टिकवर उतरते. पॉलिएस्टरची पारदर्शक पाकिटं आणि आम्लरहित कागदाचा खोका एवढं पुरतं. भडक गुलाबी, पोपटी फ्लुरोसंट शाई उजेडात सगळ्यात आधी उडते. असे फ्लायर फ्रेम करून भिंतीवर लावायचे असतील, तर त्यांची प्रत लावा.

आता सालाचा घोळ. जत्रेतल्या तमाशाच्या हँडबिलावर ‘आज रात्रौ ठीक ९ वाजता’ असतं आणि साल नसतं, तसंच इथे. दर आठवड्याच्या कार्यक्रमाला साल छापायची गरज कुणाला वाटणार? मग लोक कागदाचा पिवळेपणा किंवा डिझाइन पाहून ‘नव्वदीचं दशक’ असं ठोकून देतात. हे करू नका. मुद्दाम जुन्या पद्धतीने केलेली डिझाइनं क्लबांच्या जगात कायमच असतात.

त्याऐवजी वार आणि तारीख जुळवा. समजा, फ्लायरवर ‘शनिवार, १४ फेब्रुवारी’ आहे. १९९५ ते २०२२ या काळात ही जोडी चारदाच येते: १९९८, २००४, २००९ आणि २०१५. मग टेलिफोन नंबर पाहा. मध्य लंडनचा कोड एप्रिल १९९५मध्ये ०१७१ झाला. जून १९९९पासून ०२० हा नवा कोड चालू लागला आणि २२ एप्रिल २०००ला जुना बंद पडला. म्हणजे ०१७१ छापलेला तो फ्लायर १९९८चाच. नंबर नसेल तर इतर खुणा शोधा. बंदिस्त सार्वजनिक जागेत सिगारेट ओढायला इंग्लंडमध्ये १ जुलै २००७पासून बंदी आली, तेव्हा धूम्रपानाबद्दलची ओळही उपयोगी पडते. मात्र काढलेलं साल चौकटी कंसात लिहा आणि ते कशावरून काढलं तेही शेजारी नोंदवा. पुढच्या माणसाला छापलेलं काय आणि तुम्ही ताडलेलं काय, हे वेगळं दिसलं पाहिजे. पेन्सिलीने मागे लिहिलंत तरी चालेल, पण बॉलपेनने नको.

तिसरी चूक शिकलेल्या माणसांकडून जास्त होते, ती म्हणजे शुद्धलेखन सुधारणं. डकीची डीजे जोडी ‘द रीडर्स वाइफ्स’. इंग्रजी व्याकरणाने ‘वाइव्ज’ हवं, पण त्यांनी नाव तसंच घेतलं आहे. नोंद करताना ते ‘दुरुस्त’ केलंत, तर शोधणाऱ्याला ती जोडी सापडणारच नाही. हाच न्याय नावांच्या अर्थालाही लागू आहे. डकीचा ‘गे शेम’ (शब्दशः ‘समलिंगी लाज’) नावाचा कार्यक्रम प्राईडच्या, म्हणजे क्विअर लोकांच्या वार्षिक अभिमान-मिरवणुकीच्या, दिवशी व्हायचा. प्राईडच्या बाजारूपणावरची ती घरातल्याच माणसांनी केलेली टीका होती. नुसतं नाव वाचून कुणी तो फ्लायर समलिंगीविरोधी साहित्यात टाकला तर केवढा अनर्थ! आज खटकणारा शब्द असला तरी मूळ मजकूर अक्षरशः उतरवा, आजचे शब्द वेगळ्या रकान्यात द्या. कलाकाराचं रंगमंचावरचं नाव तेच त्याचं नाव. कागदोपत्री नाव शोधून जोडायचा अधिकार आपल्याला नाही.

स्कॅन करताना मागची बाजू सोडू नका, कोरी असली तरी. सहाशे डीपीआय (इंचाला सहाशे ठिपके), टिफ फाइल. छपाईच्या ठिपक्यांमुळे पडद्यावर लाटांसारखी नक्षी दिसली तर स्कॅनरमधला डीस्क्रीन पर्याय वापरून दुसरी प्रत काढा, पहिली तशीच राहू द्या.

मागच्या बाजूला बऱ्याचदा हाताने लिहिलेला फोन नंबर आणि एखादं नाव सापडतं. माझ्या खोक्यातल्या एका फ्लायरवर निळ्या शाईत नंबर आहे, खाली ‘नक्की कर’ अशा अर्थाचे दोन शब्द आणि त्याखाली दोनदा ओढलेली रेघ. मी तो कितीतरी वेळ हातात धरून बसलो होतो. असं काही इंटरनेटवर टाकू नका. मूळ स्कॅन जपून ठेवा, लोकांना दाखवायच्या प्रतीत नाव-नंबर झाका. गर्दीच्या फोटोंचंही तेच. कोण घरी सांगून आलं होतं आणि कोण नव्हतं, हे आपल्याला ठाऊक नसतं. याच पबवर जानेवारी १९८७मध्ये पोलिसांनी रबरी हातमोजे घालून धाड टाकली होती, एड्सच्या भीतीने. तिथे जाणाऱ्यांना लपून राहण्याची कारणं होती. २०१५मध्ये ही इमारत संरक्षित वारसा ठरली, ब्रिटनमध्ये क्विअर इतिहासासाठी तसा मान मिळालेली पहिली. पण म्हणून तेव्हाच्या माणसांची गुपितं सार्वजनिक होत नाहीत.

मुंबईत तर ही काळजी दुप्पट हवी. ६ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७चा जाच काढेपर्यंत पार्टीची निमंत्रणं बरीचशी ईमेलवर, मेसेजवर आणि तोंडी फिरायची. आपल्याकडे छापील फ्लायर कमी सापडतात ते यामुळे, कार्यक्रम झाले नाहीत म्हणून नव्हे. तेव्हा तुमच्या जुन्या इनबॉक्समध्ये एखादं निमंत्रण असेल तर नुसता स्क्रीनशॉट पुरे समजू नका. तारीख आणि विषयासकट अख्खा मेल फाइल म्हणून उतरवून ठेवा, खातं बंद पडायच्या आत.

आणि खोका एखाद्या संग्रहाला द्यायचा असेल, लंडनच्या बिशप्सगेट इन्स्टिट्यूटला किंवा बंगळुरूच्या ‘क़मरा’ या क्विअर संग्रहाला, तर आधी नीटनेटका करू नका. एकाच फ्लायरच्या तीन प्रती असतील तर तिन्ही द्या, रांग बदलू नका. माझ्या मित्राने एका लिफाफ्यात फक्त उन्हाळ्यातले फ्लायर वेगळे ठेवले होते. का, ते मी त्याला फोन करून विचारलं आणि त्याचं उत्तर चिठ्ठीवर लिहून त्याच लिफाफ्यात घातलं.