बी.एड. सीईटीचा अर्ज: घाई करण्याआधी नावं जुळवा

महाराष्ट्रात पदवीनंतरच्या दोन वर्षांच्या बी.एड.ला (शिक्षक होण्याची पदवी) प्रवेश राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत, म्हणजे सीईटी सेलमार्फत होतो. पदवी किंवा पदव्युत्तर परीक्षेत खुल्या प्रवर्गाला ५० टक्के, राज्यातल्या राखीव प्रवर्गांना ४५ टक्के लागतात. गुणपत्रिकेवर सीजीपीए असेल तर आपल्या विद्यापीठाच्या सूत्रानेच टक्के काढा, नुसतं दहाने गुणू नका.

अर्ज भरायला बसण्याआधी दहावीची गुणपत्रिका, पदवीची गुणपत्रिका आणि आधार शेजारी शेजारी ठेवा. नावाचं स्पेलिंग अक्षरन् अक्षर ताडून पाहा. एका कागदावर आडनाव आधी, दुसऱ्यावर शेवटी, लग्नानंतर बदललेलं नाव. पडताळणीत अर्ज अडकतो तो इथेच. नाव बदललं असेल तर त्याचा पुरावा, उदाहरणार्थ राजपत्राची प्रत, जवळ ठेवा.

नॉन-क्रिमीलेअर दाखल्यावरची ‘वैध दिनांक’ ही ओळ नीट वाचा. मुदत ३१ मार्चला संपते. मुदत संपलेला दाखला चालवायला गेलात तर राखीव जागेवरचा हक्क जातो. नवा दाखला मिळायला वेळ लागतो, म्हणून सेतू केंद्रात आधीच अर्ज टाका.

इंग्रजी माध्यमाचं कॉलेज हवं असेल तर अर्जातच ईएलसीटी (इंग्रजी भाषेची चाचणी) निवडा. हा पर्याय बरेच जण विसरतात आणि मग पसंतीक्रम भरताना ती कॉलेजं हातची जातात.

सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, एकही प्रश्न कोरा सोडू नका. मात्र सीईटी दिली म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला असं नाही: कॅपची (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेची) नोंदणी निकालानंतर वेगळी करावी लागते.