वॉशिंग मशीनमध्ये अडलेले पाणी दोघांनी मिळून कसे काढावे
पुढून दार असलेल्या वॉशिंग मशीनमधील पाणी बाहेर जाणे थांबले, तर दोष अनेकदा पंपात नसून त्याच्या जाळीत अडकलेल्या कचऱ्यात असतो. प्रथम प्लग काढावा, नळ बंद करावा आणि पाणी गरम असल्यास ते निवू द्यावे.

जाळीचे झाकण सहसा पुढे, खालच्या कोपऱ्यात असते. घरातील एकाने ते घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने थोडे थोडे सैल करावे आणि दुसऱ्याने खाली उथळ ताट धरून, ते भरत आले की झाकण पुन्हा आवळण्यास सांगावे, कारण ड्रममध्ये बरेच पाणी साठलेले असू शकते. (एकट्याने हे केल्यास फरशी पुसण्याचे काम तेवढे वाढते.) पाणी संपल्यावर जाळीतील नाणी, पिना, धागे काढावेत आणि टॉर्चच्या उजेडात पंपाचा पंखा फिरवून पाहावा, तो अडखळत, झटके देत फिरला, तरी ते बहुधा आतील चुंबकामुळे असते, बिघाडामुळे नव्हे.

झाकण घट्ट बसवून रिकामे मशीन चालवून पाहावे. तरीही पाणी जात नसेल, तर मागील नळीला पीळ पडला आहे का, हे तपासावे. पंपाचा आवाजच येत नसेल, तर मात्र विजेची जोडणी न उघडता तंत्रज्ञाला बोलवावे.