मुलांसाठी आदर्श संत निवडताना

मुलाला संताची ओळख चमत्कारांपासून नव्हे, तर त्याच्या वयाशी जुळणाऱ्या प्रसंगातून करून द्यावी. १८५७ मध्ये अवघ्या १४ व्या वर्षी निवर्तलेला इटलीतील ख्रिस्ती संत डॉमिनिक सावियो, हातात दगड घेऊन भांडायला निघालेल्या दोन मुलांच्या मध्ये क्रूस धरून उभा राहिला आणि पहिला दगड आपल्यालाच मारा, असे त्याने सांगितले. हे वाचून झाल्यावर ‘तू काय केले असतेस?’ एवढेच विचारावे व उत्तराची वाट पाहावी. (उपदेश येथे हमखास फसतो.) मोठ्यांनी फ्रान्समधील लिझ्यूच्या मठात राहणाऱ्या संत तेरेजाकडे पाहावे: कपडे धुताना समोरच्या मठभगिनीकडून मळके पाणी तोंडावर उडत असतानाही तिने चेहरा पुसला नाही. घरातील प्रत्येकाने आठवडाभर असे एकच लहानसे कृत्य करावे, मात्र त्याची नोंदवही ठेवू नये.