हॉस्टेलला जाताना काय न्यावं : सामान गणपतीपर्यंतचंच भरा

ॲडमिशन पक्कं झालं, हॉस्टेलची खोली मिळाली की घरात याद्या सुरू होतात. आई एक सांगते, मावशी फोनवर दुसरंच सांगते, शेजारचा दादा तिसरं. निघायच्या दिवशी दारात तीन बॅगा, एक गोणी आणि सुतळीनं बांधलेली गादी उभी असते. लातूर, नांदेड, जळगावहून पुण्याला आलेल्या मुलांचं असं सामान दर जुलै-ऑगस्टमध्ये स्वारगेटला आणि पुणे स्टेशनवर दिसतं. त्यातलं बरंचसं कॉटखाली जातं आणि सुट्टी लागेपर्यंत तिथेच राहतं.

म्हणून माझा आग्रह आहे की सामान चार वर्षांचं भरू नका, गणपतीपर्यंतचं भरा. गणपतीला बहुतेक मुलं घरी येतात, पुढे दिवाळी आहेच. स्वेटर, जाड पांघरूण, पुढच्या सेमिस्टरची पुस्तकं तेव्हा नेता येतात. एसटीत २०२३पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे आई आणि मुलगी दोघी मिळून सामान पोचवायला गेल्या तरी एका पूर्ण तिकिटाचाच खर्च येतो. रेल्वेनं जाणार असाल तर स्लीपरला माणशी ४० किलो सामान फुकट नेता येतं. पण ते जिने चढून तिसऱ्या मजल्यावर न्यायचं आहे, हा विचार आधी करा.

१. आधी हॉस्टेलला फोन करा

खरेदीला जाण्यापूर्वी रेक्टर ऑफिसला चार गोष्टी विचारा. कॉट, टेबल, खुर्ची, कपाट मिळतं का? गादी मिळते का? मेस आवारात आहे का, आणि ताट-वाटी आपली लागते का? कोणत्या वस्तूंना बंदी आहे? कॉट आणि कपाट सहसा असतं, गादी पुष्कळ ठिकाणी नसते. नसली तरी घरून आणू नका. कापसाची गादी जड असते, पावसात ओल धरते, आणि कॉटच्या मापाची निघेलच असं नाही. हॉस्टेलच्या आसपास गादीवाले असतातच. खोलीवर जाऊन कॉट मोजा आणि त्या मापाची काथ्याची किंवा फोमची घ्या. पहिले दोन दिवस घरची गोधडी अंथरली तरी चालतं. गोधडी मात्र न्याच. खाली घालायला, वर घ्यायला, बसायला, सगळ्याला ती उपयोगी पडते.

२. कागदांची फाइल

ही फाइल बॅगेत नाही, हातात ठेवायची. ॲडमिशनची पावती, हॉस्टेलचं अलॉटमेंट पत्र, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, आधार, डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला; लागू असेल तर जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रीमीलेअर. मेडिकल फिटनेस मागतात, तो गावच्या डॉक्टरांकडून आधीच घ्या. प्रत्येकाच्या चार-पाच झेरॉक्स आणि दहा-बारा पासपोर्ट फोटो. शाळा सोडल्याचा दाखला मूळच जमा होतो, म्हणून तो देण्याआधी त्याच्या झेरॉक्स काढा आणि स्कॅनही करून ठेवा. बाकीचे मूळ कागद कॉलेजनं तपासून परत द्यायचे असतात. यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, २०१८चा तसा नियम आहे. कोणी ठेवून घ्यायला लागलं तर नम्रपणे पण ठामपणे परत मागा.

महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या पोर्टलवर, शिष्यवृत्तीचा अर्ज करणार असाल तर बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का, हे गावीच बघून घ्या. पुण्यात आल्यावर लेक्चर बुडवून बँकेत चकरा माराव्या लागतात. हॉस्टेलच्या फीची प्रत्येक पावती जपा, निर्वाह भत्त्यासाठी ती मागितली जाते.

रॅगिंगविरोधी हमीपत्र विद्यार्थी आणि पालक दोघांनाही भरावं लागतं. ते भरतानाच यूजीसीची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ फोनमध्ये सेव्ह करा. ती चोवीस तास चालते. नंबर आई-बाबांच्या फोनमध्येही असू द्या. त्रास झाला तर मूल आधी घरीच फोन करतं.

३. पहिल्या रात्रीची बॅग

बाकी सगळं कसंही भरा, पण ही एक बॅग वेगळी काढाच. पोचेपर्यंत संध्याकाळ होते, पाऊस असतो, दुकान कुठे आहे ते माहीत नसतं, आणि मोठी बॅग उघडायचं त्राण नसतं. या बॅगेत चादर, अभ्रा घातलेली उशी, टॉवेल, साबण, एक जोडी घरचे कपडे, स्लिपर, पाण्याची बाटली, चार्जर, टॉर्च, डासांची कॉइल किंवा मलम, आणि एकाऐवजी दोन कुलपं. एक कपाटाला, एक दाराला. प्रत्येक कुलपाची एक किल्ली जवळ आणि दुसरी लगेच घरी परतणाऱ्यांकडे द्यायची.

चादर अंथरण्याआधी कॉटच्या सांध्यांत आणि भिंतीच्या फटींत टॉर्च मारून बघा. काळे ठिपके दिसले तर ढेकूण आहेत. त्याच संध्याकाळी रेक्टरना सांगा आणि बॅगा जमिनीवर न ठेवता टेबलावर ठेवा. एकदा ढेकूण कपड्यांत शिरले की घरापर्यंत येतात.

४. कपडे पावसाचे

सप्टेंबर संपेपर्यंत हॉस्टेलमध्ये खरा प्रश्न कपडे वाळवण्याचा असतो. जीन्स तीन दिवस ओली राहते आणि कुबट वास मारते. एकच जीन्स न्या, बाकी पातळ पँटी, ट्रॅक, सुती-टेरिकॉटचे शर्ट किंवा कुर्ते. सात-आठ जोड्या पुरतात. आतले कपडे मात्र भरपूर असू द्या, दहा-बारा तरी. नायलॉनची दोरी, दोन डझन चिमटे, रेनकोट आणि छत्री दोन्ही. चामड्याचा पट्टा आणि बूट नेऊ नका, बंद कपाटात त्यांना बुरशी येते. कपड्यांत कडुलिंबाचा वाळलेला पाला किंवा डांबराच्या गोळ्या ठेवा. लॅबसाठी बंद बूट लागतात, ते कॅनव्हासचे घ्या. एक चांगला ड्रेस फ्रेशर्सला लागतो. स्वेटर दिवाळीला न्यायचा. डिसेंबर-जानेवारीत पुण्याचं रात्रीचं तापमान कधी कधी १० अंशांच्या खाली जातं, तेव्हा तो लागेलच.

५. ताट-वाटी आणि खाऊ

मेसमध्ये आपली भांडी लागत असतील तर स्टीलचं ताट, दोन वाट्या, पेला, चमचा. दुकानातून घेतानाच त्यांवर नाव घालून घ्या. भांडीवाल्याकडे नाव कोरायचं मशीन असतं. नुसतं पहिलं नाव घालू नका, प्रत्येक मजल्यावर दोन-तीन ओंकार आणि तितक्याच साक्षी असतात. आडनाव ताटाच्या कडेवर, मागच्या बाजूला नको. धुतलेल्या ताटांची चळत लागते तेव्हा कडच दिसते. बादली आणि मगावरही ऑइल पेंटनं नाव टाका.

बऱ्याच मेस रविवारी संध्याकाळी बंद असतात, आणि भूक तर रात्री अकराला लागतेच. खाऊ टिकणारा न्या. चिवडा-भडंग पावसात चार दिवसांत सादळतं, त्यामुळे एका मोठ्या डब्याऐवजी छोट्या पिशव्या करून, तोंडं घट्ट बांधून द्या. शेंगदाण्याचे किंवा बेसनाचे लाडू टिकतात. सगळ्यात मोलाच्या आहेत कोरड्या चटण्या: शेंगदाण्याची, जवसाची, कारळ्याची. मेसची भाजी पाणचट निघाली तर पोळी आणि चटणीवर जेवण होतं, आणि घरची चव तोंडात असली की पहिले पंधरा दिवस सोपे जातात. मेतकूट आणि तूपही द्या. भाजणी, पोहे, रवा देऊ नका. शिजवायला परवानगी नसते. लोणचं द्यायचंच असेल तर फिरकीच्या झाकणाच्या बरणीत, दोन पिशव्यांत गुंडाळून, आणि कागदांच्या फाइलीपासून लांब.

६. विजेच्या वस्तू

इस्त्री, केटल, इंडक्शन, पाणी तापवायची कॉइल यांना बहुतेक हॉस्टेलांत बंदी असते, आणि ती योग्यच आहे. खोलीतलं साधं सॉकेट ६ अँपिअरचं असतं, म्हणजे २३० व्होल्टला सुमारे १३८० वॉटपर्यंत. केटल बहुधा १५०० वॉटची असते. जुन्या वायरिंगवर तिघांनी तीन केटल लावल्या तर काय होईल ते सांगायला नको. एक्स्टेंशन बोर्ड चांगल्या कंपनीचा, आयएसआय मार्कचा, तीन-चार मीटर वायरचा घ्या. कॉट सॉकेटपासून नेहमी लांब असते. पॉवर बँक आणि क्लिपचा छोटा दिवा असला की रूममेट झोपल्यावरही वाचता येतं.

औषधांचा डबा छोटा ठेवा: पॅरासिटामॉल, ओआरएस, बँडेज, जंतुनाशक मलम, आणि नेहमीची औषधं असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच घालायचं, ग्लासात अर्धं टाकायचं नाही, हे मुलांना सांगून ठेवा. मच्छरदाणी न्या आणि दिवसा झोपतानाही लावा, डेंग्यूचा डास दिवसा चावतो.

७. जे तिथेच घ्यायचं

बादली, मग, झाडू, सुपली, हँगर, डबे, आरसा घरून वाहून नेण्यात अर्थ नाही. तुळशीबागेत आणि रविवार पेठेतल्या बोहरी आळीत हे सगळं एका फेरीत होतं. जुनी पुस्तकं अप्पा बळवंत चौकात मिळतात. रूममेट आल्यावर ठरवून घ्या. झाडू, आरसा, दोरी एका खोलीला एकच पुरते.

८. खोली ताब्यात घेताना

सामान लावण्याआधी, खोली रिकामी असतानाच फोटो काढा: फुटलेली काच, निखळलेली बिजागरी, भिंतीची ओल, न चालणारं बटण, कॉटची मोडकी फळी. जे दिसेल ते एका कागदावर लिहून रेक्टरना द्या आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. वर्षाअखेरीला अनामत रकमेतून मोडतोडीचे पैसे कापले जातात, आणि तुम्ही येण्याआधीची मोडतोड तुमची नव्हती हे दाखवायला त्या पोचेशिवाय तुमच्याकडे दुसरं काही नसतं.