बोर्डावरचं अक्षर मागच्या खुर्चीपर्यंत कसं पोचवायचं

कीबोर्डवर वर्षं गेली की अक्षर बिघडतं, आणि ते उघडं पडतं नेमकं बैठकीत, हातात मार्कर आल्यावर. त्यासाठी वहीत शुद्धलेखन गिरवत बसू नका. वहीत बोटं आणि मनगट लिहितात, बोर्डावर खांदा लिहितो. सराव उभ्यानेच करायला हवा.

जुनं वर्तमानपत्र आडवं करून भिंतीवर छातीच्या उंचीला चिकटवा. शाई आरपार जाते, म्हणून मागे दोन-तीन जादा पानं लावा. रकाने आता आडवे झाले, त्याच तुमच्या ओळी. एका रकान्यात लिहा, पुढचा सोडा. मनगट स्थिर ठेवून पाच मिनिटं नुसत्या उभ्या-आडव्या रेघा, पाच मिनिटं गोल, शेवटची पाच मिनिटं शब्द. पहिले काही दिवस खांदा भरून येईल. हात बरोबर जागेवरून हलतोय असं समजा.

मार्करचं टोक चपटं असेल तर ते बोरूसारखं धरा: एकच तिरका कोन, शेवटपर्यंत. मध्येच मार्कर बोटांत फिरला की एकाच शब्दात एक काना जाड, दुसरा बारीक निघतो.

आकार अंतरावर ठरतो. तीन मीटरवरून वाचायला अक्षर किमान अडीच सेंटीमीटर उंच हवं, सहा मीटरला पाच. हे माप वेलांटी-उकार सोडून. दोन ओळींत अक्षराएवढीच जागा मोकळी ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या रफारात अडकतो.

खरी गोम शिरोरेघेत आहे. घाईत ती सरसकट ओढली जाते आणि ‘भरणा’ लिहिलेलं लोक ‘मरणा’ वाचतात. भ, ध आणि थ यांच्या डाव्या गाठीवर रेघ नसते. तिथे मार्कर उचलायचाच. आधी शब्दाची सगळी अक्षरं लिहा, मग रेघ द्या. आधी रेघ मारली तर ती शब्दाला पुरत नाही किंवा उरते. ‘ख’चे दोन भाग खाली जोडा, नाहीतर ‘खर्च’चा ‘रवर्च’ होतो. आकडे लिहिताना १ आणि ९ यांच्या गाठी मुद्दाम वेगळ्या, मोठ्या काढा. रकमेत तिथेच घोळ होतो.

ओळ उतरत जाते, कारण पाय जागच्या जागी राहतात आणि हात खांद्याभोवती कमानीत फिरतो. दर दोन-तीन शब्दांनी एक पाऊल उजवीकडे सरका. बोर्डाचा खालचा तिसरा हिस्सा वापरूच नका. पुढच्यांच्या डोक्यांआड तो जातो.

मजकुराला काळा किंवा गडद निळा, लाल फक्त अधोरेखनाला. पिवळा-नारिंगी लांबून दिसत नाही. लिहिताना बोलू नका: आवाज बोर्डावर आपटतो, लक्ष फुटतं, काना-मात्रा सुटतात. लिहा, वळा, मग बोला. बैठकीआधी एक ओळ लिहून शेवटच्या खुर्चीवर बसून वाचून बघा.

मार्कर आडवे ठेवा. टोक वर करून ठेवले की शाई खाली बसते आणि अक्षर फिकं उमटतं. चुकून पक्क्या शाईचा मार्कर हाती आला आणि बोर्डावर लिहिलं गेलं, तर त्याच अक्षरांवरून बोर्डाचा मार्कर गिरवा आणि ओलं असतानाच पुसा. त्यातल्या द्रावकाने खालची शाई सुटते.