गूगलला विचारा, पण कागद मागा

‘लाडकी बहीण पैसे कधी येणार’ असं गूगलवर टाइप करून पाहा. ‘आनंदाची बातमी’, ‘या महिलांच्या खात्यात उद्यापासून’, ‘यादीत तुमचं नाव आहे का, लगेच पाहा’ अशा मथळ्यांची रांग लागते. आत गेलात की जाहिरात, मग योजनेची माहिती, पुन्हा जाहिरात. आणि तारीख? ‘लवकरच’. या वेबसाइटी चालतातच मुळी आपल्या प्रश्नावर. लोक काय टाइप करतात ते बघायचं, त्याच शब्दांचा मथळा बांधायचा आणि खाली काहीबाही भरायचं, असा हा धंदा आहे.

म्हणून आधी एक सवय लावून घ्या. उत्तर शोधू नका, ते उत्तर ज्या कागदावर असेल तो कागद शोधा. शासन निर्णय, परिपत्रक, निकालपत्र, बँकेचं दरपत्रक, म्हणजे कुणीतरी जबाबदारी घेऊन, तारीख घालून काढलेलं काहीतरी. एवढं ठरलं की शोधायचे शब्दही बदलतात.

कागदावर असतील ते शब्द टाका

सरकारी कागद आपल्या बोलण्यासारखा लिहिलेला नसतो. आपण ‘जीआर’ म्हणतो, कागदावर ‘शासन निर्णय’ असतं. आपण ‘वय किती लागतं’ विचारतो, तिथे ‘पात्रता’ किंवा ‘वयोमर्यादा’ असतं. योजनेचं नावही तिथे पूर्ण असतं. म्हणून शोध असा घ्या: मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण शासन निर्णय पात्रता. ‘कसं’, ‘कधी’, ‘का’ गाळलेत तरी बिघडत नाही.

मग थोडी कारागिरी. शब्द नेमके त्याच क्रमाने हवे असतील तर ते दुहेरी अवतरणचिन्हांत घाला. नको असलेल्या शब्दाआधी वजाचं चिन्ह द्या, मध्ये जागा न सोडता. सर्वांत उपयोगी युक्ती मात्र ‘साइट’ची. शोधाच्या शब्दांपुढे इंग्रजीत एस-आय-टी-ई, लगेच कोलन, आणि त्याला चिकटून महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन असा पत्ता इंग्रजीत लिहा. आता फक्त राज्य सरकारच्या संकेतस्थळांवरची पानं दिसतील आणि ‘आनंदाची बातमी’वाले एका फटक्यात बाहेर जातील. मधल्या कोलनच्या आजूबाजूला जागा सुटली तर युक्ती चालत नाही, आणि बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं. शोध घेतल्यावर ‘टूल्स’मध्ये जाऊन ‘गेल्या महिन्यातलं’, ‘गेल्या वर्षातलं’ अशी काळाची चाळणीही लावता येते.

मराठीत शोधणाऱ्यांच्या दोन अडचणी वेगळ्या आहेत. पहिली लिपीची. हिंदीही देवनागरीच, त्यामुळे ‘योजना’, ‘पात्रता’, ‘अर्ज’ अशा शब्दांवर उत्तर प्रदेश-मध्य प्रदेशातली पानं येऊन आदळतात. शोधात ‘महाराष्ट्र’ किंवा ‘आहे’ टाकलं की बरीचशी गळतात. आकडेही दोन्ही तऱ्हांनी टाकून पाहा, कारण सातबारा कुणी अक्षरांत लिहितो, कुणी मराठी आकड्यांत, तर कुणी इंग्रजी आकड्यांत. दुसरी अडचण जुन्या कागदांची. कित्येक जुनी पीडीएफ नुसती स्कॅन केलेली आहेत, किंवा युनिकोड (संगणकावर मराठी लिहिण्याची आजची सर्वमान्य पद्धत) येण्यापूर्वीच्या फाँटमध्ये टाइप केलेली. आपल्याला पडद्यावर स्वच्छ मराठी दिसते, गूगलला मात्र तिथे इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. असा कागद शब्दांनी सापडत नाही. त्यासाठी शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर जाऊन विभाग आणि तारीख निवडूनच शोधावं लागतं.

निकालाचं पान वरून खाली नव्हे, नीट वाचा

वरचं पहिलं उत्तर म्हणजे सर्वांत खरं उत्तर नव्हे. अनेकदा सगळ्यात वर जाहिरात असते आणि तिच्यावर बारीक अक्षरांत ‘प्रायोजित’ लिहिलेलं असतं. नजर आधी त्या शब्दाकडे जायला हवी. प्रत्येक निकालाशेजारी तीन ठिपके असतात. ते दाबले की ते संकेतस्थळ काय आहे याची थोडी माहिती मिळते.

हल्ली निकालांच्याही वर एआयने लिहिलेला सारांश येतो. तो वाचायला गुळगुळीत असतो, हीच पंचाईत. मे २०२४ मध्ये अमेरिकेत हे सारांश सुरू झाले तेव्हा पिझ्झ्यावरचं चीज घसरू नये म्हणून सॉसमध्ये गोंद मिसळा, असा सल्ला त्यातून आला होता. रेडिट या गप्पा-चर्चेच्या संकेतस्थळावर कुणीतरी अकरा वर्षांपूर्वी केलेली थट्टा यंत्राने गंभीरपणे उचलली होती. सारांश जरूर वाचा, पण त्याच्या शेजारी दिलेल्या दुव्यांवर जाऊन ते वाक्य तिथे खरंच आहे का ते पाहा. दुवाच नसेल तर त्या सारांशाला अफवेइतकाच मान द्या.

पत्ता वाचायला शिका

पत्ता ओळखण्याची रीत सोपी आहे. सुरुवातीला ‘एचटीटीपीएस’नंतर दोन तिरप्या रेघा असल्या तर त्या सोडा, पुढे पहिली तिरपी रेघ येते तिथे थांबा आणि तिथून मागे डावीकडे वाचत या. शेवटचे दोन-तीन तुकडे हेच खरे मालक, त्याआधीचं सगळं सजावट. समजा कुणी ‘लाडकीबहीण-महाराष्ट्र-जीओव्ही डॉट इन’ असा पत्ता घेतला. ‘जीओव्ही’ दिसलं म्हणून आपण निवांत होतो, पण त्याच्याआधी टिंब नाही, आडवी रेघ आहे. म्हणजे तो सगळा एकच शब्द झाला, आणि डॉट इनवर असा शब्द कुणीही विकत घेऊ शकतं. खरा ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ सरकारी यंत्रणांनाच मिळतो. सप्टेंबर २०२५ मध्ये या योजनेसाठी ई-केवायसी सक्तीची झाली तेव्हा बनावट संकेतस्थळं निघालीच. आधार क्रमांक आणि ओटीपी तिथे भरला की पुढचं सांगायला नको.

बँकांसाठीही आता राखीव पत्ता आहे. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’वर यायला सांगितलं होतं. ‘डॉट ओआरजी’ला मात्र अशी काही पत नाही, पैसे भरले की कुणालाही मिळतो. पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चित्राचंही तेच. कुलूप म्हणजे तुमच्या आणि त्या संकेतस्थळाच्या मधला रस्ता सुरक्षित आहे, एवढंच. रस्त्याच्या टोकाला भामटा बसलेला असू शकतो. लोकांचा हा गैरसमज जाईना म्हणून गूगलच्या क्रोम ब्राउझरने २०२३ मध्ये ते चित्रच काढून टाकलं.

संकेतस्थळाला त्याच्याचबद्दल विचारू नका

‘आमच्याविषयी’ या पानावर कुणीही स्वतःला लबाड म्हणवून घेत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास या बाबतीत डोळे उघडणारा आहे. त्यांनी १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्य-तपासनीस आणि स्टॅनफर्डचेच २५ विद्यार्थी संगणकासमोर बसवले आणि बालरोगतज्ज्ञांच्या दोन अमेरिकी संघटनांची संकेतस्थळं दाखवली. एक १९३० पासूनची, हजारो डॉक्टरांची. दुसरी तिच्यातून २००२ मध्ये फुटून निघालेला छोटा गट. नावं जवळजवळ सारखी, संकेतस्थळं दोन्हींची नेटकी. विद्यार्थी पान वाचत बसले, बोधचिन्ह आणि संदर्भ न्याहाळत राहिले, आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना फुटीर गटच जास्त भरवशाचा वाटला. पीएचडी झालेले इतिहासकारही गडबडले. तपासनीस मात्र काही सेकंदांत पानाबाहेर पडले, नव्या टॅब उघडल्या आणि त्या संघटनेबद्दल इतर काय म्हणतात ते वाचू लागले. एकही चुकला नाही.

आपल्यालाही तेच करता येतं. संस्थेचं नाव अवतरणचिन्हांत घाला, त्याच ‘साइट’च्या युक्तीने पण आधी वजा लावून तिचं स्वतःचं संकेतस्थळ वगळा, आणि उरलेल्यांत डोकावा. पाच मिनिटांचं काम आहे. लग्न ठरवताना स्थळाची चौकशी आपण स्थळाकडेच करतो थोडीच!

पीडीएफ हातात आलं, पुढे?

व्हॉट्सॲपवर शासन निर्णय आला तर शेवटचं पान उघडा. तिथे एक ठरलेलं वाक्य असतं: हा शासन निर्णय अमुक संकेतस्थळावर उपलब्ध असून त्याचा संकेतांक अमुक आहे. हा लांबलचक आकडा म्हणजे त्या कागदाची ओळख. त्याचे पहिले आठ अंक साधारणपणे वर्ष, महिना आणि दिवस असतात. कागदावर तारीख या वर्षाची आणि संकेतांकाची सुरुवात तीन वर्षांपूर्वीची, असं दिसलं तर कुणीतरी फेरफार केलेला आहे. संकेतांक शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर टाका. जे पीडीएफ येईल ते आणि तुमच्याकडचं शेजारी ठेवून वाचा.

कागद अस्सल ठरला तरी काम संपत नाही, आणि इथे भलेभले घसरतात. लाडकी बहीण योजनेचा मूळ शासन निर्णय २८ जून २०२४ चा. त्यात वयाची मर्यादा २१ ते ६०, कुटुंबाकडे पाच एकरांहून जास्त शेती नको, आणि अर्ज १५ जुलैपर्यंत. जुलैच्या पहिल्याच आठवड्यात वय ६५ झालं, पाच एकरांची अट गेली, मुदत ३१ ऑगस्टपर्यंत वाढली. पहिला कागद खोटा नव्हता, फक्त मागे पडला होता. त्या आठवड्यात तो पुढे पाठवणाऱ्याने एखाद्या ६२ वर्षांच्या बाईला घरी बसवलं असेल. म्हणून त्याच नावाने पुन्हा शोध घ्या, ‘सुधारणा’, ‘शुद्धिपत्रक’, ‘मुदतवाढ’ हे शब्द जोडून. सर्वांत नवा कागद हाती येईपर्यंत थांबू नका.

फोटो आणि औषधं

पुराचा फोटो आला तर तो फोनमध्ये साठवा आणि गूगल लेन्समध्ये (फोटोवरून शोध घेणारी गूगलची सोय) टाकून शोधा. कोल्हापूरला २०१९ मध्ये महापूर आला आणि २०२१ मध्येही. पाण्यात उभी दुकानं कुठल्या सालची, हे नुसत्या डोळ्यांनी कुणालाच सांगता येत नाही. टिनआय या संकेतस्थळावर निकाल जुन्यापासून लावता येतात. यंदाचा म्हणून फिरणारा फोटो तिथे पाच वर्षांपूर्वीच्या बातमीत सापडला की विषय संपला.

घरगुती औषधांच्या दाव्यात एकच गोष्ट शोधा: प्रयोग कुणावर झाला? काचेच्या ताटलीतल्या पेशींवर हळदीतल्या घटकाचा परिणाम दिसणं आणि हळदीने माणसाचा कर्करोग बरा होणं यांत फार मोठं अंतर आहे. बातमीच्या मथळ्यात ते हमखास पुसलं जातं. चालू असलेलं औषध बंद करायला सांगणारं कुठलंही पान तिथेच बंद करा.

फोन नंबर गूगलवरून घेऊ नका

बँकेचा, गॅस एजन्सीचा, कुरिअरचा ग्राहकसेवा क्रमांक शोधणं हा सर्वांत धोक्याचा शोध. जाहिरातीत आणि नकाशावरच्या नोंदींत भामटे आपले क्रमांक घुसवतात, आणि फोन आपण होऊन केलेला असल्याने संशयही येत नाही. क्रमांक कार्डाच्या मागून, पासबुकावरून, बिलावरून किंवा कंपनीच्या ॲपमधूनच घ्या. समोरचा स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला सांगू लागला तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० या हेल्पलाइनवर तक्रार करा आणि बँकेला कळवा. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम आणि तो फोन नंबर जवळ लिहून ठेवा, तेच आधी विचारतात. लाज वाटून मेसेज डिलीट करू नका, पुरावा तोच असतो.