गाडीचा फ्यूज उडाला तर काय करावं?

फ्यूज रेडिओ नाहीतर दिवा वाचवायला असतो, असा सर्रास समज आहे. तो मुख्यतः वायर वाचवतो. १२ व्होल्टच्या बॅटरीला हात लावून सहसा शॉक बसत नाही, पण शॉर्ट झाला तर तीच बॅटरी शेकडो अँपिअर करंट सोडू शकते. बारीक वायर तेवढ्यात तापून लाल होते, वरचं इन्सुलेशन वितळतं आणि आग लागू शकते. त्याआधी फ्यूजमधली पातळ पत्ती वितळून करंट तोडते.

एखादी गोष्ट अचानक बंद पडली की आधी चावी बंद करा आणि फ्यूज बॉक्स शोधा. बहुतेक गाड्यांत एक डॅशबोर्डखाली आणि दुसरा बॉनेटमध्ये बॅटरीजवळ असतो. कुठला फ्यूज कशाचा, हे झाकणाच्या आतल्या बाजूला किंवा गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. अंदाजाने एकेक उपटत बसू नका, एअरबॅगच्या फ्यूजला तर हातच लावू नका.

आता फ्यूज तपासा. बॉक्समध्ये बहुधा प्लॅस्टिकचा छोटा चिमटा असतो, त्याने फ्यूज सरळ वर ओढा. उजेडात धरल्यावर आतली पत्ती मधोमध तुटलेली दिसते. नुसतीच तुटली असेल तर बहुधा लोड थोडा जास्त झालेला असतो. आतून काळं पडून धातूचे शिंतोडे उडाले असतील तर शॉर्टचा संशय घ्या. डोळ्यांवर विसंबायचं नसेल तर फ्यूज न काढताही तपासता येतो. त्याच्या डोक्यावर दोन बारीक धातूचे ठिपके उघडे असतात. चावी चालू करून टेस्ट लॅम्पची (एका बाजूला क्लिप आणि दुसऱ्या बाजूला टोक असलेल्या तपासणीच्या छोट्या दिव्याची) क्लिप गाडीच्या धातूच्या बॉडीला लावा आणि टोक दोन्ही ठिपक्यांना टेकवा. एकाच बाजूला दिवा लागला तर फ्यूज उडालेला आहे.

नवा फ्यूज त्याच आकाराचा आणि त्याच अँपिअरचा हवा. पात्याच्या फ्यूजमध्ये १० अँपिअर लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा असे रंग असतात, तरी वरचा आकडा वाचाच. १० च्या जागी ३० घातला की गाडी चालू होते आणि काम झाल्यासारखं वाटतं, मात्र आता फ्यूजच्या आधी वायर जळेल. फॉइल गुंडाळणं म्हणजे फ्यूज नसल्यातच जमा.

नवा फ्यूजही लगेच उडाला तर आणखी फ्यूज वाया घालवू नका. त्या सर्किटवरची उपकरणं काढून ठेवा आणि फ्यूजच्या जागी, दोन वायरी जोडून, २१ वॉटचा इंडिकेटरचा बल्ब लावा. शॉर्ट असेल तर बल्ब भक्कन पेटेल. त्यात बल्बमुळे करंट दोनेक अँपिअरच्या आतच राहतो, त्यामुळे वायरीला धोका नसतो. मग वायरिंग हळूहळू हलवत जा. दरवाज्याच्या बिजागरीतला रबरी पाइप, सीटखालची जागा आणि डिकीच्या झाकणाचं वळण आधी बघा. वायर बहुतेक तिथेच घासून उघडी पडते. ज्या ठिकाणी हात लावताच बल्ब विझला, शॉर्ट तिथेच.

काही गाड्यांत पॉवर विंडो किंवा सीटच्या मोटरला फ्यूजऐवजी सर्किट ब्रेकर असतो. काच अडकली की मोटर थोडा वेळ जास्त करंट ओढते, दरवेळी फ्यूज बदलणं परवडणार नाही. ब्रेकरमध्ये दोन वेगळ्या धातूंची जोडपट्टी असते. तापली की वाकते आणि संपर्क सुटतो, गार झाली की पुन्हा जोडला जातो. काहींना मात्र बटण दाबावं लागतं. खिडकी मध्येच थांबून थोड्या वेळाने आपोआप चालू झाली तर बिघाड गेला असं समजू नका. काचेचा मार्ग आणि मोटर तपासून घ्या.

नंतर हॉर्न, कॅमेरा किंवा जादा दिवे बसवताना स्वतंत्र फ्यूज घाला आणि तो बॅटरीपासून हातभराच्या आत ठेवा. बॅटरी ते फ्यूज या तुकड्याला संरक्षण नसतं, म्हणून तो जितका आखूड तितका बरा. फ्यूजचा आकडा वायरीच्या जाडीवरून ठरवा. १२ व्होल्टवर १२० वॉटचे दिवे साधारण १० अँपिअर घेतात, तिथे १५ चा फ्यूज चालतो, वायर मात्र १५ अँपिअर सहज पेलणारी हवी.